बेळगावला पंखा लागत न्हाय

परवा निपाणीला माझ्या शाळेत नववीच्या वर्गावर जागतिक तापमानवाढ शिकवत होते. फळ्यावर शीर्षक लिहिलं आणि हाताने आपणहून मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे 'कारणे', उजवीकडे 'परिणाम'. डोक्यावर पंखे गरगरत होते, तरी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावरचा घाम वहीवर गळत होता. ती म्हणाली, "मॅडम, परिणाम आधी लिवू काय? ते पाठ हायत." मी म्हणाले, "कारण लिहिल्याशिवाय परिणामाला मार्क नाही." म्हणाले आणि थांबले. वाक्य माझं नव्हतं. ती रेघही माझी नव्हती. दोन्ही मुचंडीकर सरांची.

मुचंडीकर सर बेळगावात आमच्या समोरच्या घरात राहायचे आणि शाळेत आम्हाला भूगोल शिकवायचे, त्यामुळे त्यांच्या तावडीतून सुटका अशी कुठेच नव्हती. उंच, किडकिडीत माणूस, मान जराशी पुढे, पायांत करकरणाऱ्या वहाणा. दसरा झाला की अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर चढायचा, तो होळीपर्यंत उतरायचा नाही. स्वेटर त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, विणलेला. विणता विणता तपकिरी लोकर संपली म्हणून खाली चार बोटं हिरवी पट्टी जोडलेली होती. ती पट्टी सर शर्टात खोचायचे आणि काकू चारचौघांत ती ओढून बाहेर काढायच्या.

सरांना कुठल्याही गोष्टीचं कारण लागायचं. मी लहानपणी सायकलवरून पडले, गुडघा फुटला, गल्लीभर ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. सर कट्ट्यावरून उठून आले आणि वाकून म्हणाले, "कारण?" मी हुंदके देत म्हणाले, "खड्डा." "खड्ड्याचं कारण?" "पाऊस." "पाऊस तर शेजारच्या गल्लीत पण पडलाय की. तिथं खड्डा का न्हाय?" या विचारात मी रडायची विसरले. भाजीवाली भेंडी महाग झाली म्हणाली की तिलाही कारण सांगावं लागे. ती शेवटी वैतागून म्हणायची, "सर, तशीच न्या की भेंडी, पण कारण इचारू नका." सरकारी कचेरीत गेले तर तिथं कानडीत विचारत. कानडीतही कारणाला कारणच म्हणतात, म्हणून सरांचं कुठं अडलं नाही. काकू म्हणायच्या, "लग्नात भटजी सावधान म्हणालते, तवा तेवढं कारण इचारायचं राहून गेलं बघ ह्यांचं."

एका गोष्टीला मात्र सरांना कारण लागत नसे, ती म्हणजे बेळगावची हवा. तिच्यावर त्यांची श्रद्धाच होती. त्यांच्या मते देवाने सगळा मुलूख करून झाल्यावर उरलेला गारवा बेळगावात ओतला आणि हात झटकून तो निघून गेला. पुण्याला दिलेल्या मुलीला असो, निपाणीच्या मेव्हण्याला असो, फोन ठेवताना त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, "ये. येताना स्वेटर घेऊन ये." मे महिन्यातसुद्धा. आणि खरं सांगायचं तर त्या काळी मे महिन्याच्या संध्याकाळी ते वाक्य खोटं पडत नसे. आम्ही मुलं अंगणात खेळून आलो की आई आधी अंगावर काहीतरी घाला म्हणायची.

सरांनी घर बांधलं तेव्हाची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. स्लॅब ओतायचा होता, सळ्या बांधून झाल्या होत्या. गवंड्याने विचारलं, "सर, पंख्याचे हुक कुठं कुठं सोडू?"

"कुठंच नको. बेळगावला पंखा लागत न्हाय."

"सोडून ठिवूया की. न्हाय लागला तर झुंबर टांगा."

"जे लागत न्हाय ते सोडायचं कशाला?"

काकू चहाचे कप घेऊन खाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या आमी म्हातारी झालाव तर?"

"आपण म्हातारं झालं म्हणून बेळगाव गरम होतंय व्हय?" सर म्हणाले, आणि एकही हुक न सोडता स्लॅब ओतला गेला. आमच्या गल्लीत असा बिनहुकाचा स्लॅब तेवढा एकच.

वास्तुशांतीला काकूंचा धाकटा भाऊ रामा निपाणीहून आला. त्याची तंबाखूची वखार होती आणि हात सढळ. त्याने भलंमोठं खोकं आणलं. उघडून बघतात तर टेबलफॅन. सरांचा चेहरा पडला. रामा म्हणाला, "दाजी, ठेवा. लागंल." "निपाणीत लागतोय, रामा. हितं न्हाय," सर म्हणाले. पण बायकोच्या माहेरची वस्तू, परत कशी करायची? तिचा उपयोग शोधणं भाग होतं. तो सापडायला होळी उजाडली. बेळगावजवळच्या बेळगुंदीला सरांच्या भावाकडे वडिलोपार्जित शेत होतं, तिथं भातामागून मसूर निघायचा आणि सरांच्या वाट्याची पोती घरी यायची. सरांनी माळ्यावरून पंखा काढला, अंगणात लावला आणि त्याच्यासमोर मसूर उफणला. फोलपटं भुर्रकन उडाली. सर खूश. त्यानंतर दरवर्षी तो पंखा मसूर उफणण्यापुरता खाली यायचा आणि मग पुन्हा माळ्यावर जायचा. त्या दिवसांत काकू मसूर निवडायच्या निमित्ताने पंख्यासमोर पाट मांडून बसायच्या. अंगावर कोंडा उडायचा, नाकातोंडात जायचा, पण उठायच्या नाहीत. निवडून संपलेला मसूर पुन्हा निवडायच्या. आम्हाला हसू यायचं. सरांना यातलं काही दिसत नसे, किंवा दिसूनही ते कारण विचारत नसत. पुढे एका वर्षी उफणता उफणताच तो पंखा जळाला. धूर निघाला तेव्हा सर म्हणाले, "ह्याला नको त्या गावात आणलो, हेच कारण."

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस वर्गात तापमानवाढ काय शिकवणार? तर ऐका. थंडीचे दिवस होते, सकाळची शाळा, खिडकीबाहेर धुकं असं की झेंड्याचा खांब दिसत नव्हता. सगळा वर्ग स्वेटर घालून कुडकुडत बसलेला. सर आले, फळ्यावर रेघ ओढली आणि वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या मुलाला, मारुतीला, पुढे बोलावलं.

"ही पृथ्वी," सर म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला. "दिवसा हिला सूर्य ऊब देतो. त्यातली जास्तीची ही आकाशात सोडून देते, म्हणून बरी असते. आता एकेकानं उठायचं, एक कारण सांगायचं आणि आपला स्वेटर पृथ्वीच्या अंगावर घालायचा."

कुणी कोळसा म्हणाला, कुणी मोटारींचा धूर, कुणी जंगलतोड, कुणी कारखाने, विटांच्या भट्ट्या. प्रत्येक कारणागणिक मारुतीच्या अंगावर एकेक स्वेटर चढत गेला. मी उठून म्हणाले, "चूल." माझा स्वेटर झिरझिरीत, कोपरात विरलेला. सर म्हणाले, "तुझ्या स्वेटरासारखंच ते कारण हाय, पातळ. थोरामोठ्यांचे जाड स्वेटर आधी येऊ देत." शेवटी सरांनी आपला तपकिरी स्वेटर काढला, "माझी स्कूटर" म्हणाले आणि तोही मारुतीच्या डोक्यावर ठेवला. आत मारुती लालबुंद.

"सर, मराय लागलोय मी."

"आता परिणाम. सांग, काय होतंय?"

"घाम येतोय. डोकं गरगरतंय. पाणी पायजे."

सरांनी ते शब्द जसेच्या तसे उजवीकडे लिहिले. मग वर्गाकडे वळले. तोवर आम्ही सगळे थंडीने काकडत होतो आणि आपापल्या स्वेटरकडे डोळे लावून बसलो होतो. सर म्हणाले, "आता आपापला ओळखून काढून घ्या. दुसऱ्याचा कोण काढणार न्हाय." एवढंच म्हणाले आणि तास संपला. मारुतीला मात्र त्या दिवसापासून सगळे पृथ्वी म्हणू लागले. आज गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, पोरं कॉलेजात आहेत, तरी बायकोसुद्धा फोनवर "पृथ्वी हायत काय दुकानात?" असं विचारते.

मी शिकले, शिक्षिका झाले, नोकरीसाठी निपाणीला आले. रविवारी आईकडे बेळगावला जायची तेव्हा सर कट्ट्यावर भेटायचे. निवृत्त झाले होते. दरवेळी काहीतरी बदललेलं असायचं. दसरा ते होळी असा स्वेटर आधी दिवाळी ते संक्रांत झाला, मग फक्त सकाळचा झाला, मग एका वर्षी दिसलाच नाही. गल्लीच्या तोंडाशी जांभळाची दोन झाडं होती, ती रस्ता रुंद करताना गेली. सरांनी कचेरीत जाऊन कारण विचारलं, त्यांना रुंद रस्ता हेच कारण सांगितलं. पुण्याची नातवंडं पूर्वी मे महिना काढायला बेळगावला यायची. आता मुलगी फोनवर म्हणू लागली, "आप्पा, पंखा बसवा, मग येतो. पोरं तळमळतात रात्रभर." सर म्हणायचे, "यंदाचंच हाय ते. पुढल्या वर्षी बघ." पुढल्या वर्षीही हेच.

निपाणीहून रामाचा फोन यायचा. कापलेली तंबाखू शेतात वाळत घालतात आणि दव पडून पान मऊ झालं की भल्या पहाटे उचलतात, कोरडं उचललं तर चुरा होतो. रामा म्हणायचा, "दाजी, दवच पडंना बघा. हात लावला की पानाची भुकटी. आणि नको तवा पाऊस येतोय, वाळलेलं सगळं काळं." सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "निपाणीचं तसंच रं. लई उघडं गाव ते."

मला राहवेना. एकदा म्हणाले, "सर, तुम्हीच शिकवलासा की हे सगळं."

सरांनी जांभळांच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "शिकवलो, व्हय. पण ते जगाचं. बेळगाव त्यात न्हवतं."

त्यांच्या शेजारी सुनील राहतो, तोही त्यांचाच विद्यार्थी, आता घरी बसून मोठ्या कंपनीचं काम करतो. त्याने एसी बसवला. एसीचा बाहेरचा डबा नेमका सरांच्या कट्ट्याकडे तोंड करून, दुपारभर गरम वारं फेकायचा. मला वाटलं, आता जुंपणार. सर सुनीलच्या दारात गेले.

"कारण?"

"लई गरम होतंय, सर. काम सुचंना."

"आणि माझ्या कट्ट्यावर गरम होतंय, त्याचं कारण?"

सुनीलने मान खाली घातली. "आमचा एसी."

"म्हणून उद्या मी बसवलो तर?"

"पलीकडच्यांच्या घरात गरम वारं जाईल. मग ते बसवतील."

"मग?"

"मग सगळी गल्ली, सर."

"बस खाली. पूर्ण मार्क," सर म्हणाले, परत आले आणि आपली खुर्ची उचलून कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. एसी काढ म्हणून बोलले नाहीत. सुनीलनेही काढला नाही, पण पुढे ते दिसले की तो ओशाळून हसायचा.

या सगळ्यात काकू गप्प असायच्या. त्यांना दम लागू लागला होता. ओला टॉवेल मानेवर टाकून स्वयंपाक करायच्या. एका एप्रिलच्या रविवारी दुपारी मी आईकडे होते आणि समोरून भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सरांची हाक. धावत गेलो तर काकू ओट्याखाली पडलेल्या, तव्यावर भाकरी जळत होती, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. कोपऱ्यावरून मारुती रिक्षा घेऊन आला.

दवाखान्यात काकूंना सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होता, कामाचं बोलणारा. म्हणाला, "उन्हाचा त्रास आहे. वेळेवर आणलंत. घरी पंखा चालू होता ना?"

"पंखा न्हाय," सर म्हणाले.

"कूलर वगैरे?"

"न्हाय."

"का?"

जन्मभर ज्याला त्याला कारण विचारणारा माणूस, त्याला कुणीतरी पहिल्यांदा कारण विचारलं होतं, आणि त्यांच्याकडे ते नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, इतका की दोन शब्द सुनवावेत असं वाटत होतं. पण काकूंच्या मानेवरचा ओला टॉवेल त्यांनी अजून हातात तसाच धरला होता, तो बघितला आणि मग मला फक्त वाईट वाटलं. काकूंशिवाय ते घर कसं असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

काकू घरी येण्याआधी सर मारुतीच्या दुकानात गेले. मारुती पंखा घेऊन आला आणि वर बघून हसला. पंखा टांगायला हुक कुठाय? "सर, गवंडी म्हणालता न्हवं, सोडून ठिवूया म्हणून?" सरांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मारुतीने स्लॅबला भोक पाडायला सुरुवात केली. सिमेंटची पांढरी भुकटी सरांच्या डोक्यावर, खांद्यांवर पडत होती. मी म्हणाले, "सर, बाजूला व्हा, मी धरते." ते हलले नाहीत.

"एकच रे मारुती. तिच्या खाटेवर," सर म्हणाले.

मारुती वरून म्हणाला, "त्या दिवशी वर्गात मला घामानं न्हाऊ घातलासा, सर. आज मी तुमाला वारं घालाय आलोय."

काकू आल्या, खाटेवर आडव्या झाल्या आणि त्यांना छतावरची नवी वस्तू दिसली. सरांनी बटण दाबलं. पाती आधी हळू, मग भरभर फिरू लागली. काकूंचे पांढरे केस कपाळावरून उडाले. त्यांनी डोळे मिटले, आणि तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "अवो, मसूर आणा की. उफणून घेऊया."

आम्ही सगळे हसलो. सरही हसले, आणि मग खांद्याने डोळे पुसत आत पाणी आणायला गेले.

गेल्या मे महिन्यात मी बेळगावला गेले तेव्हा दुपारी त्यांच्याकडे डोकावले. रस्ता तापून पांढरा झाला होता. दार उघडंच होतं. काकू खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या. पंखा जोरात होता आणि त्याच्याखाली खुर्चीत सर बसले होते, डोळे मिटून, अंगात तो तपकिरी स्वेटर घालून. हिरवी पट्टी बाहेर आलेली. मला वाटलं, ताप आहे की काय.

"सर, हे काय?"

"हळू बोल. झोपलीय ती." डोळे न उघडता म्हणाले, "पंखा पाचवर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि स्वेटर घालायचा. जरा वेळानं येतंय बघ बेळगाव."

मी खाली बसले. मीही डोळे मिटून पाहिले. धुकं, न दिसणारा झेंड्याचा खांब, मारुतीच्या अंगावर चढत गेलेले स्वेटर. थोडं थोडं आलं खरं.

तेवढ्यात लाइट गेली. पाती मंदावत गेली आणि थांबली. सर तसेच बसून राहिले, गेलेलं काही परत येतंय का याची वाट बघत असावेत तसे. मग बाहेरची झळ आत आली. सरांनी डोळे उघडले, स्वेटर काढला, पट्टी आत घालून नीट घडी केली आणि मांडीवर ठेवला. उठून खिळ्यावरचं बांबूचं सूप घेतलं, काकूंच्या उशाशी बसले आणि त्या सुपाने त्यांना वारा घालू लागले. काकूंच्या कपाळावरचे केस पुन्हा हलू लागले.

मला निपाणीची गाडी पकडायची होती. मी हळूच उठले, म्हणाले, "येते, सर."

सूप थांबलं नाही. सर काकूंच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"हिवाळ्यात ये," ते म्हणाले. "येताना स्वेटर घेऊन ये."

माझ्याकडे कित्येक वर्षांत स्वेटर नाही. मी म्हणाले, "आणते, सर."